अठरा वाव लोकर

अहो आई,

आर्गॉनचं काय करायचं, ते तुम्ही सांगितलं नाहीत. बाकी बहुतेक सगळं सांगून गेलात. लोणच्याची बरणी कुणाची, कपाटाची दुसरी किल्ली कुठे, निनादला खोकला झाला की काय द्यायचं. माझ्यासमोर मात्र रविवारपर्यंत एक लाकडी पट्टी होती, तिला आठ हुक, सात हुकांना हळदी रंगाच्या लोकरीचे सात गोळे आणि आठवा हुक रिकामा. येत्या शनिवारी ही पट्टी सईच्या शाळेत मांडायची आहे. सात गोळे पुरेत, असं तिच्या बाई म्हणाल्या. सई त्यांना नाही म्हणून आली, आणि घरी येऊन माझ्याकडे बघत बसली. जणू काही तुमचं राहिलेलं काम वारसाहक्कानं माझ्याकडे आलंय.

तुम्हाला आठवतच असेल म्हणा, पण मला सांगायचंय. मे महिना होता. दरवर्षीप्रमाणे तुम्ही तीन महिन्यांच्या व्हिसावर कराडहून जर्मनीत इंगोलश्टाटला आला होतात आणि दरवर्षीप्रमाणे पहिल्याच आठवड्यात म्हणाला होतात, की या गावात सगळ्यांना गाड्यांशिवाय दुसरं काही सुचत नाही का? मी आणि तुमचा निनाद दोघंही त्याच उद्योगात. सईला शाळेतून काम मिळालं होतं. वर्गानं मिळून आवर्त सारणी मांडायची, प्रत्येकानं एकेक विषय घ्यायचा. सईच्या वाट्याला अणूंचे आकार आले होते. ती नेटवरून गोल छापून कागद कापणार होती. तुम्ही तो कागद दोन बोटांत धरलात आणि म्हणालात, "हे बघून कळेल, पण पटणार नाही. हातात आलं पाहिजे."

आयुष्यभर ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईंपुढे आम्ही काय बोलणार? लोकर आणायचं काम माझ्याकडे आलं. तुमची अट एकच होती, रंग सगळ्यांना सारखा. रंग वेगळे केले की लोक रंगच बघतात, असं तुम्ही म्हणालात. सोडियमपासून आर्गॉनपर्यंत तिसरी ओळ करायची ठरली.

मी इंजिनिअर. दिवसभर मोजमापाच्या खोलीत बसते, यंत्राचे भाग केसाच्या जाडीहून बारीक फरकापर्यंत मोजते, आणि घरी येऊन भातात पाणी किती घालायचं ते अंदाजानं ठरवते. मी विचार केला, सोडियममध्ये अकरा इलेक्ट्रॉन, आर्गॉनमध्ये अठरा. म्हणजे इकडून तिकडे माल वाढत जातो, अर्थात गोळाही वाढत जाणार. लोकरीच्या दुकानातून त्या हिशेबानं पिशवी भरून आणली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर चढत्या क्रमानं मांडली. सोडियमचा चिमुकला गुंडा, पलीकडे आर्गॉनचा भलामोठा. तुम्ही ते पाहिलंत आणि इतक्या हसलात की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"उलटं गं मेधा," तुम्ही म्हणालात. "लोकर तू बरोबर आणलीस. गोळा मात्र उलटा होणार."

मग तुम्ही दोन्ही हात पसरून वाव मोजायला लागलात. एक वाव म्हणजे एक इलेक्ट्रॉन. सोडियमला अकरा वाव लोकर, पण ती तुम्ही बोटांवरून इतकी सैल गुंडाळलीत की गोळा फुगून संत्र्याएवढा झाला. मॅग्नेशियमला बारा वाव, जरा ओढून. ॲल्युमिनियमला तेरा, आणखी ओढून. क्लोरीनपर्यंत पोचलात तेव्हा सतरा वाव लोकर होती आणि तुमच्या तर्जनीवर लाल वळ उठला होता. क्लोरीन लिंबाएवढा झाला होता, आणि लिंबापेक्षा टणक. सईनं एका हातात सोडियम घेतला, एका हातात क्लोरीन, आणि तिचे डोळे मोठे झाले. जास्त लोकर, लहान गोळा. ते तिला समजलं म्हणण्यापेक्षा तिच्या हाताला समजलं.

ओढतं कोण, ते तुम्ही तिला मग सांगितलंत. दरवेळी बाहेर एक इलेक्ट्रॉन वाढतो, तसा आत मध्यावर एक प्रोटॉनही वाढतो. बाहेरचे सगळे एकाच थरात राहतात आणि एकमेकांना फारसे झाकत नाहीत. म्हणून मधली ओढ प्रत्येकाला जास्त जास्त लागते आणि सगळा अणू आत आत येतो. सई जर्मनमध्ये विचारत होती, तुम्ही मराठीत सांगत होतात. दोघींपैकी कुणालाही दुभाष्या लागला नाही. तुम्ही मध्येच "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणायचात, तेही 'गे'वर जोर देऊन, आणि ती हसायची.

एका ओळीतून खालच्या ओळीत गेलं की अणू मोठा का होतो, ते तर तुम्ही स्वतःवरच दाखवलंत. मे महिन्यातही तुम्ही स्वेटर, त्यावर जाकीट, त्यावर निनादचा जुना कोट घालून बाल्कनीत बसायचात. "कराडला मी लिथियम," म्हणालात, "इथे आले की सीझियम. आत बाई तीच, वर थर वाढलेत." आणि सगळ्यात वरचा कोट काढून खुर्चीवर टाकलात. "हे बघ, एक इलेक्ट्रॉन दिला. झाले ना मी एकदम लहान?" मी बॅटऱ्यांच्या लोकांबरोबर बसते, लिथियमचा आयन केवढासा असतो ते रोज ऐकते, पण त्या दिवसापासून ते ऐकलं की मला निनादचा कोटच दिसतो.

आपलं भांडण त्याच आठवड्यात सुरू झालं. सासू-सुनेनं कशावरून भांडायचं, हे जगानं ठरवून ठेवलेलं असतं. मीठ, मुलाचं वजन, सणाला कोणाकडे. आपल्याला त्यातलं काही पुरलं नाही. आपण अणूच्या त्रिज्येवरून भांडलो. मी विचारलं होतं, क्लोरीनचा अणू नक्की केवढा? साधा प्रश्न. तुम्ही उलट विचारलंत, "कुणाच्या शेजारी?"

मला राग आला होता. वस्तू आहे तर तिला माप आहे, आणि माप आहे तर ते शेजारी कोण बसलंय यावर बदलत नाही, हा माझ्या पोटापाण्याचा पाया आहे. तुमचं म्हणणं, अणूला कडच नाही. बाहेरचा ढग विरळ होत होत जातो, संपला असं कुठे म्हणायचं? म्हणून दोन सारखे अणू एकमेकांना धरून उभे राहिले की त्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजायचं आणि निम्मं करायचं. तीच त्रिज्या. एकट्या अणूला विचारलंत, तू केवढा, तर तो सांगू शकत नाही. मी म्हटलं, आणि दोन वेगळे असले तर? "मग कुणाचं किती, यावर भांडायचं," तुम्ही म्हणालात. "त्याचीच तर एवढी पुस्तकं झालीत."

मी हट्टानं व्हर्नियर काढला आणि तुमच्या सोडियमला लावला. मऊ गोळा तो, जबडे दाबले तसा दबला. जरा जास्त दाबलं, माप कमी. सैल सोडलं, माप वाढलं. तुम्ही चष्मा वर सारून बघत होतात, ते मला जास्त लागलं. मी म्हटलं, आमच्याकडे त्यासाठी किती जोरानं दाबायचं ते ठरलेलं असतं. "म्हणजे तुम्हीही ठरवताच की," तुम्ही म्हणालात आणि चहा ठेवायला उठलात. मला अजूनही वाटतं की ठरवणं वेगळं आणि माप नसणं वेगळं. हे मला तुम्हाला सांगायचं होतं. नीट उत्तर सुचलं तोवर तुम्ही विमानात होतात.

आर्गॉनपाशी मात्र तुम्ही स्वतःच अडलात. सईनं आकड्यांचा तक्ता पाहिला. सोडियमपासून आकडे उतरत उतरत क्लोरीनपर्यंत येतात आणि आर्गॉनला एकदम जवळजवळ दुप्पट होतात. "वारुम इस्ट देअर प्ल्योट्सलिश सो डिक?" तिनं विचारलं. हा अचानक एवढा जाडा कसा? तुम्ही उत्तर दिलंत, म्हणजे वर्गात द्यायचात तेच. आर्गॉन कुणाचा हात धरत नाही. मग त्याचं माप घ्यायचं तर दोन आर्गॉन थंडीनं एकमेकांजवळ आले आणि न शिवता थांबले की मधलं अंतर मोजायचं, निम्मं करायचं. क्लोरीनचं माप हात धरून घेतलेलं, आर्गॉनचं लांब उभं राहून. पुस्तकात त्या मापाला एक लांबलचक डच नाव आहे, ते परीक्षेत लिहिलं की गुण मिळतात.

सई म्हणाली, मग हे दोन आकडे एका ओळीत लिहिलेच कसे?

तुम्ही लोकर खाली ठेवलीत. बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिलात. नंतर मला म्हणालात, की इतकी वर्षं मुलं हे उत्तर लिहून घेत आली, कुणी असं अडवलं नाही, आणि मीही स्वतःला अडवलं नाही. तुमच्या आवाजात लाज नव्हती, चक्क आनंद होता. निवृत्त झाल्यावर नवा प्रश्न मिळाल्याचा आनंद. मोठा गोळा केला तर ओळीचा नियम खोटा दिसतो, लहान केला तर तक्ता खोटा ठरतो. तुम्ही आर्गॉन केलाच नाहीत. त्याच्यासाठी आणलेल्या लोकरीचा माझ्यासाठी मफलर विणायला घेतलात, कारण मी हिवाळ्यात सकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फ उघड्या गळ्यानं खरवडते, हे तुम्हाला निनादनं सांगितलं होतं. वीतभर झाला, ती लोकर संपली आणि तुमची परतीची तारीख आली. सुया तशाच खोचून माझ्या हातात दिलात. पुढच्या वर्षी पुरा करते, म्हणालात.

तुमचा शेवटचा फोन सोन्याचा होता. मी तुमच्या खोकल्याचं विचारत होते, तुम्ही ते राहू दे म्हणालात. "मेधा, सोन्याचा अणू चांदीएवढाच आहे गं. एक अख्खा थर जास्त, तरी!" मधे चौदा मूलद्रव्यं येऊन जातात, त्यांचे इलेक्ट्रॉन आतली ओढ झाकायला अगदी कुचकामी, म्हणून सोनं पुन्हा आवळलं जातं. म्हणूनच सोनं आणि चांदी हवी तशी एकमेकांत मिसळतात, सोनाराला त्रास देत नाहीत. शिकवताना पाठ होतं, आज पटलं, म्हणालात. आणि फोन ठेवता ठेवता, "आर्गॉनचं मला थोडं सुचलंय. आलीस की सांगते."

आले. पण सांगायला तुम्ही नव्हतात. तुम्हाला खोकल्यापेक्षा बरंच जास्त काही होतं आणि ते तुम्ही आम्हाला कळू दिलं नाहीत, याचा मला राग आहे. तो इथे लिहून टाकते. तुम्हाला सोन्याचं सांगायचं होतं, हेही मला कळतं. तरी राग आहे.

सई कराडला रडली नाही. परत आल्यावर तिनं पट्टी काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि लोकर शोधायला लागली. आम्ही दुकानात गेलो. दुकानाच्या बाईंनी सातांपैकी एक गोळा हातात घेऊन पाहिला, मागे जाऊन आल्या, आणि मान हलवली. त्या खेपेची लोकर संपली, नवी आलीय ती जरा लालसर आहे. मी म्हटलं, घेऊन टाकू, कुणाला कळतंय. सईनं मला तुमचाच नियम ऐकवला. लोक रंगच बघतील.

रविवारी दुपारी ती माझ्या खणातून मफलर घेऊन आली. "मामा, दास इस्ट आर्गॉन." आई, हाच आर्गॉन.

मी नाही म्हटलं. हा आजीचा आहे, म्हटलं. आई, त्या मफलरमध्ये एक ओळ सैल आहे, शेवटून तिसरी. तुम्ही दमला होतात की सईशी बोलत होतात, मला माहीत नाही, पण मी खण उघडते ती ती ओळ बघायला. तुमच्या हातचं माझ्यासाठी केलेलं दुसरं काही माझ्याकडे नाही. साड्या दिल्यात त्या दुकानातल्या. हे सगळं मी पोरीला सांगितलं नाही, नुसतं नाही म्हटलं. ती शांतपणे जर्मनमध्ये समजावत राहिली, की ही लोकर आर्गॉनचीच आहे. आजीचं ठरत नव्हतं, म्हणून आजीनं ती तात्पुरती गळ्याच्या आकारात ठेवली. तिनं शब्द वापरला तो माझ्याच कारखान्यातला, 'त्स्विशनलागर', मधलं गोदाम. मी उठून बाल्कनीत गेले.

बाहेर तुमची खुर्ची होती. तिथे उभं राहून मी विचार करत होते तो खरं सांगायचं तर तुमचा नव्हता, आर्गॉनचा होता. तुम्हाला काय सुचलं असेल? मोठा की लहान? आणि लक्षात आलं, की खणातला मफलर मला हे कधीच सांगणार नाही. करून पाहिलं तरच काही कळेल. असं लक्षात आल्यावर रडू आलं. मग आत गेले आणि सुई ओढून काढली.

उसवताना कळलं, तुमचा शेवटचा टाका आधी सुटतो. ती सैल ओळ तर चुटकीसरशी गेली. सगळ्यात पहिली ओळ तुम्ही इतकी घट्ट घातली होतीत की तिथे नखं लावावी लागली. टेबलावर कुरळ्या लोकरीचा ढीग झाला. सई हात पसरून वाव मोजायला लागली. मी म्हटलं, वाव आजीचा हवा, तुझा नाही. तिनं स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट दाखवलं. तिथे तुम्ही निघण्याआधी दोघी पाठीला पाठ लावून उभ्या राहिला होतात, पेन्सिलीची एकच रेघ आहे दोघींची. उंची सारखी, म्हणजे वावही सारखाच. अठरा वाव निघाली आणि वर थोडी उरली.

"केवढा करायचा?" मी विचारलं.

"आल्झो," सई म्हणाली, म्हणजे तर मग. तुमच्यासारखीच खिडकीबाहेर बघत होती. नंतर तिनं सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. आतली ओढ क्लोरीनपेक्षा जास्त आहे, तर गोळा क्लोरीनपेक्षा लहानच व्हायला हवा. पुस्तकातला मोठा आकडा गोळ्याचा नाहीच, तो मधल्या जागेचा आहे. मग गोळा लहान करायचा आणि लांब टांगायचा.

आई, तुम्हाला सुचलं होतं ते हेच का?

आम्ही दोघींनी मिळून गुंडाळला. ती धरायची, मी ओढायची. माझ्या तर्जनीवर तुमच्यासारखाच वळ उठला. वीतभर मफलर, त्यातली ती सैल ओळ आणि ती घट्ट ओळ, सगळं माझ्या मुठीत मावलं. आठवा हुक आम्ही रिकामाच ठेवला आणि पट्टीच्या पार टोकाला नवा हुक हातानं फिरवून बसवला. रविवार होता, ड्रिल लावलं असतं तर खालच्या मजल्यावरच्या बाई रविवारची शांतता म्हणजे काय ते समजवायला वर आल्या असत्या. उरलेल्या लोकरीनं आर्गॉन टांगला. इकडे सात गोळे एकमेकांना खेटून, मग मोकळी जागा, आणि मग तो.

मी व्हर्नियर लावला. सैल धरला, दाबून धरला, माप हललं नाही. तुमच्या लोकरीला पहिल्यांदाच एक आकडा मिळाला. मी जिंकल्याच्या सुरात तो मोठ्यानं वाचला.

सईनं ऐकून घेतलं. मग क्लोरीन आणि आर्गॉनच्या मधल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं आणि मराठीत म्हणाली, "हे पण मोज."

मोजलं. आता ते निम्मं करायला गेले, तर दोन्ही बाजूंचे शेजारी सारखे नाहीत. त्या जागेतलं कुणाचं किती, यावर भांडावं लागणार. आई, मी तयार आहे.